मनोहररावांचा पेप्लस

शोभनाबाई आताशा कुठल्याही गोष्टीला 'हो' म्हणत. सुनेने विचारलं, फ्रोझन पोळ्या चालतील का? हो. फिजिओथेरपीवाला उद्या उशिरा येणार, चालेल का? हो. मनोहररावांना अर्धांगाचा झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या घरातून मुलगा-सून सकाळची ट्रेन पकडून गेले की नवऱ्याला उठवणं, बसवणं, भरवणं सगळं त्यांच्याच गळ्यात. वाद घालायला अंगात जीव लागतो, तो कुठून आणायचा?

एके काळी वाद घालण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नागपुरात दोघंही इंग्रजी शिकवायचे, मनोहरराव कॉलेजात, शोभनाबाई शाळेत, आणि रविवारी स्क्रॅबलच्या पटावर दोघं हातघाईवर यायचे. शब्दाचा संशय आला की 'चॅलेंज' म्हणायचं आणि डिक्शनरी उघडायची. शब्द सापडला नाही तर लावणाऱ्याने आपल्या अक्षरांच्या टाइल्स परत उचलायच्या, सापडला तर चॅलेंज करणाऱ्याची पाळी गेली. या नियमावर मनोहररावांनी बायकोला उभा जन्म छळलं, आणि बायकोनेही काही बाकी ठेवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, खेळू द्या, मेंदूला बरं. म्हणून आता रोज दुपारी पट मांडला जाई. सुरुवातीला मनोहररावांनी एकदोन अगदीच अगम्य शब्द लावले. शोभनाबाईंनी ते चालवून घेतले. चॅलेंज केलं असतं तर ते रुसले असते, जेवले नसते, आणि तेही त्यांनाच निस्तरावं लागलं असतं. तेव्हापासून सगळंच चालू लागलं. स्वतः त्या 'कॅट' नाहीतर 'रन' लावून मोकळ्या होत.

त्या दुपारी मनोहररावांनी डाव्या हाताने, सावकाश, एकेक टाइल सरकवत शब्द लावला. पेप्लस. शोभनाबाईंनी धड पाहिलंही नाही. 'छान' म्हणून गुण मांडले. त्यांची नात सिया नुकतीच शाळेतून आली होती. दूध पिता पिता ती पटावर वाकली आणि तिने फोनमध्ये तो शब्द शोधला.

"आजी, इट्स रिअल. ऑब्सोलीट आहे, बट रिअल. एन्शंट ग्रीसमधल्या बायकांचा ड्रेस. आता पेप्लॉस म्हणतात."

एवढं सांगून ती वर निघून गेली, आणि इकडे शोभनाबाईंनी तो शब्द पुन्हा, नीट वाचला. म्हणजे हा माणूस आत जसाच्या तसा होता. लहान मुलाच्या बडबडीला म्हणावं तसं 'छान, छान' म्हणत त्यांनी आजवर किती खरे शब्द सोडून दिले, देव जाणे.

"तुला... खोटा वाटला?" मनोहररावांनी विचारलं. जीभ अजून अडखळत होती. नजर नाही.

"हो."

"मग चॅलेंज... का नाही?"

थाप मारायचंही त्राण उरलं नव्हतं. "दमले हो मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही रुसणार, मग समजूत मीच काढायची. रोज नाही होत माझ्याने."

बोलता बोलता त्यांना रडू आलं. आजारी नवऱ्याला हे ऐकवल्याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मनोहरराव म्हणाले, "रुसू दे. समजूत... नको काढू. पण खेळ."

शोभनाबाईंनी पदराने डोळे पुसले. आपल्या टाइल्स नीट बघितल्या आणि बऱ्याच महिन्यांनी एक चांगला, लांबलचक शब्द लावला. मनोहररावांनी त्यावर घाईघाईत काहीतरी जुळवलं.

"चॅलेंज," शोभनाबाई म्हणाल्या आणि डिक्शनरी घेऊन आल्या. शब्द नव्हता. "उचला."

मनोहररावांनी टाइल्स उचलल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसले. शोभनाबाईंनी चहा आणला तरी वळले नाहीत. त्या समोर बसून आपला चहा प्यायल्या, आणि नवऱ्याचा गार होऊ दिला.