वाकलेल्या पिना

दर्सोनोगुरुजींच्या हातून प्रोसेसर सटकला तेव्हा खोलीत दुसरं कोणीही नव्हतं. कोणी असतं तर बरं झालं असतं. चारचौघांत वस्तू पडली की माणूस 'अरे अरे' करतो, ओशाळतो आणि मोकळा होतो. एकट्यानं पाडलेल्या वस्तूचं तसं होत नाही.

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावर एक चौकोन असतो. त्यात केसासारख्या बारीक हजारभर पिना ओळीनं उभ्या असतात, आणि त्यांच्यावर प्रोसेसर अलगद, फुलासारखा ठेवायचा असतो. गुरुजींच्या घामेजल्या बोटांतून तो निसटला आणि कोपऱ्यावर आदळला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. एका जागी पाचसहा पिना आडव्या झाल्या होत्या.  ते धावत शेजारच्या आपल्या घरी गेले, बायकोच्या शिवणाच्या डब्यातून सुई आणली आणि पिना सरळ करायला बसले. दोन सरळ झाल्या, चार आणखी मोडल्या. मग त्यांनी देवाचं नाव घेतलं, प्रोसेसर वर ठेवला, खटका दाबून बंद केला आणि पुढच्या वायरी जोडायला लागले. झाकलं की दिसत नाही, एवढाच त्यात विचार होता.

हे सगळं टाळता आलं असतं. इंडोनेशियातल्या मलांग शहरातल्या त्या गल्लीनं पोरांच्या वाचनखोलीसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा दुकानवाला फुकट जोडून द्यायला तयार होता. गल्लीप्रमुख पाक सालेह (वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे आदरानं 'पाक' म्हणतात) बैठकीत तसं म्हणालेही. पण गुरुजींना कुठला धीर!

"कशाला दुकानवाला?" ते म्हणाले. "मी जोडतो की! चार स्क्रू आणि दहा वायरी, त्यात काय एवढं? आठ दिवस व्हिडिओ बघतोय मी."

व्हिडिओ बघितले होते, हे खरं. पण या माणसानं जन्मात रेडिओसुद्धा उघडला नव्हता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत गुरुजींना कोणी काही विचारलं नव्हतं. गल्लीच्या सूचनासुद्धा पाक सालेह आता आपल्या सुनेकडून लिहून घेत. 'पाक गुरू, पाक गुरू' करत सगळे आदरानं वाकत, पण म्हाताऱ्या झाडाला वळसा घालून जावं तसे पुढे निघून जात. बैठकीत त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गुरुजींना तरुण झाल्यासारखं वाटलं.

सामान घ्यायला ते एकटेच गेले होते. काउंटरवर युनियार होती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं लगबगीनं बाहेर येऊन तिकडच्या रीतीप्रमाणे वाकून त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. काउंटरवर लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधी वर्षभर ती वरच्या गोदामात खोकी फोडत होती, हे तिनंच हसत सांगितलं. दुकानाचा एक नियम होता. मदरबोर्डाचं खोकं गिऱ्हाईकासमोर उघडायचं, भिंगातून पिना दाखवायच्या आणि 'पाहिलं, ठीक आहे' म्हणून कागदावर गिऱ्हाईकाची सही घ्यायची.

युनियारनं भिंग काढलं आणि पुन्हा ठेवून दिलं. "तुम्हाला काय तपासायला लावायचं, पाक गुरू! तुम्ही आमच्या वह्या तपासल्यात." असं म्हणून तिनं स्वतःच पिना पाहिल्या आणि गिऱ्हाईकाच्या जागी स्वतःच सही ठोकली. गुरुजींना तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं होतं.

दुपारच्या नमाजानंतर सगळी गल्ली वाचनखोलीत जमली. तळलेली केळी आली, गोड चहाची किटली आली. पोरं पुढे घुसली. गुरुजींनी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. लोकांनी 'वा!' केलं. पडदा मात्र काळाच राहिला.

"झोपलाय वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"वर्गात दाखवायचात तशी छडी दाखवा, पाक गुरू, उठेल!" दुसरा म्हणाला आणि हशा पिकला.

 आणि गुरुजींच्या तोंडून वाक्य निघून गेलं. त्यांनी ते ठरवलं नव्हतं, जुळवलं नव्हतं, ते आपलं आपणच गेलं.

"दुकानानं खराब माल दिलाय."

झालं! गल्लीला निमित्तच हवं होतं. "म्हाताऱ्या माणसाला फसवतात काय?" म्हणून पाक सालेह उखडले. पाच मिनिटांत दोन मोटरसायकली निघाल्या. पाक सालेहंच्या मागे कॉम्प्युटरचं कॅबिनेट पोटाशी धरून बसलेल्या गुरुजींना वाटेत दोनदा वाटलं, की गाडी थांबवावी आणि सांगून टाकावं. पण सालेह सारखे मागे वळून म्हणत होते, "तुम्ही काळजीच करू नका, पाक गुरू. मी आहे." असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार?

दुकानाचे मालक कोह चांद्रा (तिकडे चिनी वंशाच्या माणसाला 'कोह', म्हणजे दादा, म्हणतात) शांत गृहस्थ. त्यांनी सालेहंचा सगळा आरडाओरडा ऐकून घेतला, बोर्ड काढला, प्रोसेसर उचलला आणि भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग पाहणीचा कागद काढला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही सही तुमची नाही," ते गुरुजींना म्हणाले.

"माझी आहे," युनियार पुढे येऊन म्हणाली.

"मग पिना कोणी पाहिल्या?"

"मीच, कोह."

त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. युनियारनं वाकून पाहिलं. मग मान वर करून तिनं गुरुजींकडे पाहिलं. तिची नजर रागाची नव्हती, वर्गात फळ्याकडे बघायची तशी होती, पुढे काय लिहिलं जाणार याची वाट बघणारी.  गुरुजींनी समोरच्या कपाटातल्या माऊसच्या किमती वाचायला सुरुवात केली.

"चूक माझी," युनियार म्हणाली. "मी नीट पाहिलं नसेल."

कोह चांद्रांनी नवा बोर्ड काढला. दुकानातल्या माणसानं अर्ध्या तासात सगळं जोडून दिलं, पडदा उजळला. सालेहंनी विजयी वीरासारखी मिशी पिळली. संध्याकाळी वाचनखोलीत पोरांनी रांग लावली आणि कोणीतरी कॅबिनेटवर रंगीत कागद चिकटवला, 'पाक गुरूंनी जोडलेला.' गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी वाचनखोलीकडे जाणंच सोडलं. बाजाराला जायला लांबचा रस्ता धरला. बायको कुस्तिया म्हणाली, "पोटात काही बिघडलंय का तुमच्या? जेवत नाही, बोलत नाही." ते म्हणाले, हवा बदललीय. चौतीस वर्षं या माणसानं पोरांना कान धरून उभं केलं होतं, खोटं बोललास का म्हणून विचारलं होतं, आणि आता बायकोला हवेबद्दल खोटं सांगत होता. रात्री आडवं झालं, की युनियारची ती नजर समोर यायची. दहाव्या दिवशी सालेहंची सून सहज बोलून गेली, की दुकानातली ती मुलगी आता काउंटरवर दिसत नाही. त्यानंतरही गुरुजींनी दोन दिवस काढले. हेही सांगायला हवं.

बाराव्या दिवशी ते दुकानात गेले. चारपाच गिऱ्हाइकं होती. गुरुजींनी ती जायची वाट पाहिली नाही, पाहिली असती तर ते परत फिरले असते.

"कोह, तो प्रोसेसर माझ्या हातून पडला होता," ते म्हणाले. "पिना माझ्यामुळे वाकल्या. दुकानाचा दोष नव्हता. त्या मुलीचा तर नव्हताच."

कोह चांद्रांनी हातातली पावती बाजूला ठेवली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "सुईचे ओरखडे होते. कारखान्यातून काही सुईनं कोरलेला माल येत नाही, पाक."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तिलाही दिसले होते. ती 'चूक माझी' म्हणाली, मग मी कशाला बोलू? तुम्ही गेल्यावर मी तिला झापलं. गिऱ्हाईकाच्या जागी सही केलीस, आता कोणाला धरू म्हटलं. जा वर गोदामात." कोह चांद्रांनी गोदामाच्या जिन्याकडे पाहिलं. "तेव्हा ती म्हणाली, दोन दिवस थांबा. पाक गुरूंबरोबर शेजारी होते, त्यांच्यासमोर कसं बोलतील? ते एकटे येतील आणि खरं सांगतील. मी ओळखते त्यांना. मी म्हटलं, बरं. दोन दिवस दार वाजलं की ती मान वर करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आली ती मला न विचारता सरळ वर गेली."

 आजवर गुरुजींना वाटत होतं, की आपण एक गुपित सांभाळतोय. अख्खं दुकान त्यांची अब्रू सांभाळत होतं आणि ते मात्र घरी बसून हवेला दोष देत होते. त्यांना स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

"वर आहे ती," कोह चांद्रा म्हणाले. "सोमवारपासून खाली घेतो तिला. पण ते तुम्हीच सांगा."

जिना अरुंद होता. वर युनियार खोकी सपाट करून सुतळीनं बांधत होती, केसांवर पुठ्ठ्याचा भुसा पडला होता. गुरुजींना पाहून ती उठली. आज तिनं त्यांचा हात कपाळाला लावला नाही, हातांना धूळ होती म्हणूनही असेल.

"माझ्या हातून पडला होता," गुरुजी म्हणाले. "मी भ्यालो. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही."

'असू द्या, पाक गुरू,' असं ती म्हणेल याची त्यांना वाटभर धास्ती होती, आणि खरं सांगायचं तर आशाही होती. ती तसं म्हणाली नाही.

"हो," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "गल्लीत सांगितलंत?"

"नाही अजून."

"तिथे सगळ्यांना वाटतंय, मी तुम्हाला फसवलं. माझी मावशी त्या गल्लीत भाजी विकते. तिला ऐकून घ्यावं लागतं."

गुरुजींना हे माहीत नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. "आज सांगतो. संध्याकाळच्या नमाजानंतर. सगळे असतात तेव्हा."

युनियारनं सुतळीची गाठ मारली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.  तिचा आवाज जरा मऊ झाला, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या पोराशी बोलावं तसा.

"मी येऊ का सोबत?"

एवढ्या दिवसांत लाजेची काही कमी नव्हती. पण गुरुजींना सगळ्यात जास्त लाज वाटली ती आत्ता. ती आपल्याला हाताला धरून न्यायला निघाली होती, आणि तिच्याशिवाय आपल्याच्यानं तिथवर जाववणार नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

"ये," ते म्हणाले.