साडेपाच फुटांची खाट

आमच्या नगरपालिकेने स्वतःच्या निधीतून कुटुंबांसाठी घरं बांधायचं ठरवलं, तेव्हा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. ते दुसऱ्या कोणाकडे जाण्यासारखं नव्हतंच. बांधकाम विभागात मला सोळा वर्षं झाली होती, आणि नकाशाच्या बाबतीत माझा हात धरणारं त्या कचेरीत कोणी नव्हतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. आमचे मुख्य अभियंता साहेबही हेच म्हणायचे, आणि कोणाचं कौतुक करायचं म्हणजे साहेबांच्या अगदी जिवावर यायचं.

जागा जुन्या बसडेपोची होती. खाली पार्किंग, वर पाच मजले, प्रत्येक मजल्यावर चोवीस घरं. एकूण एकशेवीस. हा आकडा मात्र माझा नव्हता. गृहनिर्माण समितीच्या अध्यक्षबाईंनी तो भर सभेत जाहीर करून टाकला होता. साडेसातशे अर्ज आले, सोडत झाली, एकशेवीस कुटुंबांना क्रमांक मिळाले. निधी ठरलेला, जागा ठरलेली, घरांची संख्याही ठरलेली. आता त्यात माणसं बसवायची तेवढी राहिली होती.

ती मी बसवली. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक झोपायची खोली आणि मुलांसाठी एक छोटी. साहेबांनी नकाशा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बसलं की हो सगळं!" मी मान डोलावली.

नियमाप्रमाणे नकाशा पंधरा दिवस तळमजल्यावरच्या हॉलमध्ये हरकती आणि सूचनांसाठी लावला. पहिल्या बारा दिवसांत नऊ हरकती आल्या. कोणाला इमारतीचा रंग फिका वाटला, कोणाला तिला देणार असलेलं नाव पटलं नाही, आणि एका गृहस्थांनी आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल अडीच पानं लिहिली होती. मी निवांत होते.

तेराव्या दिवशी दुपारी जेवून वर चालले होते. नकाशासमोर एक माणूस उकिडवा बसलेला दिसला. पँटच्या गुडघ्यांना पांढऱ्या सिमेंटचे डाग, कानावर पेन्सिल, हातात खिशातला टेप. नकाशाला हात लावू नये अशी पाटी होती. तो हात लावत नव्हता, टेप लावत होता.

"काय हवंय?" मी विचारलं.

तो उठला. "फरशी बसवतो मी. मिस्त्री. नकाशा तुम्ही काढलाय का मॅडम?"

"हो."

"सुरेख काढलाय," तो म्हणाला. "एकच विचारायचं होतं. ही मुलांची खोली सात बाय आठ. बरोबर?"

"बरोबर."

"मग त्यातली खाट साडेपाच फुटांची कशी?"

तो चुकून झालेला प्रकार नव्हता. त्या खोलीत दोन खाटा दाखवायला हव्या होत्या. शेजारी शेजारी लावल्या तर सहा फूट रुंदी जाते. लांबीत सहा फूट गेले की पुढे दोनच फूट उरतात, आणि अडीच फुटांचं दार आत उघडत नाही. खाट सहा इंचांनी आखूड केली की दार बरोब्बर उघडतं. कागदावर. असं सगळेच करतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. सोळा वर्षांत कोणी टेप लावून पाहिलं नव्हतं.

"तुमच्या खाटेवर झोपणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे?" मिस्त्रीने विचारलं. स्वरात खवचटपणा अजिबात नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"लेखी द्या," मी म्हटलं आणि जिना चढले. पाठीमागे न बघता.

त्याने लेखी दिलं. चार ओळी, अक्षर वळणदार. साहेबांनी कागद वाचून माझ्याकडे सरकवला. "लिहा, हरकत तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य नाही. करा सही."

"पण ती ग्राह्य आहे, साहेब."

"म्हणजे?"

"खाट आखूड काढलीय मी."

साहेब खुर्चीत मागे रेलले. ते वाईट माणूस नव्हते. एवढंच की एकशेवीस हा आकडा अध्यक्षबाईंच्या तोंडून निघाला होता आणि साहेबांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. "खोल्या मोठ्या केल्यात तर शंभराच्या वर एक घर बसणार नाही," ते म्हणाले. "वीस कुटुंबांना कोण सांगणार, की तुमचं घर गेलं? तुम्ही?"

सही मी केली नाही. कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या कामाचा पत्ता शोधत गेले.

तो एका दवाखान्याच्या आवारात फरशी घासत होता. मला पाहून मशीन बंद केलं. मी म्हटलं, "सोमवारी समिती डेपोची जागा बघायला येतेय. कागदावर त्यांना काही कळणार नाही. मला ते घर जमिनीवर आखून द्याल का? खऱ्या मापाचं?"

"देतो की," तो म्हणाला. मग जरा थांबून, "खाटा पण आणू? बायको इथेच सिस्टर आहे. मोडीत काढलेल्या दोन पडल्यात मागे. ती परवानगी काढेल."

सिस्टरने परवानगी काढली, टेम्पो ठरवला, आणि सोमवारी सकाळी टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी स्वतः बसूनही आली. बरोबर सासूबाईंना घेऊन. सासूबाई चार पायांची काठी टेकत चालायच्या, पण जीभ दोन पायांवर पळायची. उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या, "तूच का ती, खाटा कापणारी?"

डेपोच्या शेडमध्ये सिमेंटची सपाट जमीन होती. मिस्त्रीने दोरी ताणून, काटकोन तपासत, चुन्याने अख्खं घर आखलं. भिंतींच्या जाडीसकट. तासाभराचं काम, पण एक रेघ पुसावी लागली नाही. मी नुसती बघत राहिले. माझंच घर होतं ते, सहा महिने माझ्या टेबलावर असलेलं, आणि मी पहिल्यांदाच त्यात उभी होते. केवढंसं होतं ते!

अकरा वाजता समिती आली. अकरा सभासद, साहेब, आणि पुढे अध्यक्षबाई. बाई उंचपुऱ्या, आवाज असा की माईक लावायची गरज नाही. चुन्याच्या रेघा बघून त्या थबकल्या. "हे काय?"

"घर," मी म्हटलं. "आत या."

हसत हसत सगळे आत आले. बैठकीच्या खोलीत ठीक होतं. स्वयंपाकघरात दोघे सभासद एकमेकांना धडकले, तेव्हाही हशा झाला. मग मुलांच्या खोलीपाशी आलो. दोन्ही खाटा आत मांडल्या होत्या. दाराच्या जागी मिस्त्री एक जुनं फळीचं दार हातात धरून बिजागरी झाल्यासारखा उभा होता.

"उघडा," तो अध्यक्षबाईंना म्हणाला.

बाईंनी दार ढकललं. ते खाटेच्या लोखंडी पायाला खण्णकन आपटलं. त्यांनी पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. दार अर्धवट उघडं आणि बाई बाहेर. कोणी हसलं नाही.

"यात राहणार कोण?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे असतं तर दोन नाती आणि मी," सासूबाई मागून म्हणाल्या. "पण मी आत जायचं कसं ते सांगा. काठी बाहेर ठेवून उडी मारू का?"

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "नकाशात तर दार उघडत होतं. मी स्वतः पाहिलंय."

हीच ती वेळ होती. साहेब जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, "नकाशात खाट साडेपाच फुटांची आहे, मॅडम. मी मुद्दाम आखूड काढली. एकशेवीसचा आकडा बसावा म्हणून. चूक माझी आहे आणि ती मलाच दुरुस्त करायचीय."

बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं.

आता साहेबांनी तोंड उघडलं. "खोल्या मोठ्या केल्या तर शंभर घरं होतील. वीस लोकांची नावं कापावी लागतील. सोडत निघालेली आहे, क्रमांक वाटलेले आहेत. त्या वीस घरांत जाऊन हे कोण सांगणार?"

"आमच्यापासून सुरुवात करा," सिस्टर म्हणाली.

ती तोवर खाटेच्या कडेला गप्प बसून होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आमचा क्रमांक एकशे अकरा आहे."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो अजून दार धरून उभा होता. म्हणजे त्याने ती हरकत लिहिली तेव्हा त्याला पक्कं ठाऊक होतं, की ती मान्य झाली तर जाणाऱ्या घरांत त्याचंही असणार.

"तुम्हाला कळत होतं हे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हिला विचारलं होतं आधी," मिस्त्री म्हणाला. "आम्ही पाच जण एका खोलीत राहतो, त्याला नऊ वर्षं झाली. ही म्हणाली, अशी घरं बांधली तर पन्नास वर्षं तशीच उभी राहतील. चुकीची फरशी उखडता येते. इमारत नाही उखडता येत."

"आणि आम्ही काही हक्क सोडलेला नाही," सिस्टर लगेच म्हणाली. "नीट घर हवंय. आम्हालाही आणि बाकीच्यांनाही. ते कसं करायचं हे तुमचं काम."

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "किती दिवस?"

"दहा."

"आठ," त्या म्हणाल्या.

ते आठ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. इतकं मन लावून मी आधी कधीच काम केलं नव्हतं. प्रत्येक खाट सहा फुटांची, प्रत्येक दार अडीच फुटांचं, आणि या मापांना हात न लावता घरं वाढवायची. पहिल्यांदा मी दर्शनी भागावरची काच उडवली. साहेबांची लाडकी होती ती, चार मजली, निळसर. तिच्या पैशात एका अख्ख्या मजल्याच्या भिंती उभ्या राहत होत्या. साहेबांनी कागद पाहिला, एक उसासा टाकला आणि स्वतःच्या हाताने तिच्यावर काट मारली. मग पार्किंग. यादीतल्या एकशेवीस कुटुंबांना मी फोन लावले. चारचाकी होती सहा जणांकडे. बसथांबा फाटकासमोरच होता. खाली दुचाकी आणि सायकलींपुरती जागा ठेवून उरलेल्यात आठ घरं काढली. म्हातारी माणसं असलेल्या कुटुंबांसाठी, जिन्याशिवाय. वरच्या पाच मजल्यांवर वीस वीस. एकशेआठ झाली. त्यापुढे मी कितीही डोकं आपटलं तरी नकाशा हलेना.

समितीपुढे मी तेच सांगितलं. "एकशेआठ. एकही जास्त नाही. बारा कमी पडताहेत, आणि ती या निधीत बसणार नाहीत. उत्तरेच्या कोपऱ्यात आपलीच रिकामी जागा आहे. पुढच्या वर्षीच्या निधीतून तिथे बारा घरांची छोटी इमारत होते. नकाशा तयार आहे, हा घ्या."

दोन तास चर्चा चालली. एक सभासद म्हणाले, पुढच्या वर्षीचा निधी चौकाच्या सुशोभीकरणासाठी, तिथल्या कारंज्यासाठी धरलेला आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, "कारंजं थांबेल. त्याला कुठे झोपायचंय?" सात विरुद्ध चार मतांनी ठराव पास झाला. त्यात बारा कुटुंबांची नावं क्रमांकासकट लिहिली होती. तो आग्रह माझा होता. पुढे निवडणूक झाली, माणसं बदलली, तरी कागदावरची नावं बदलता येऊ नयेत म्हणून.

पहिली इमारत चौदा महिन्यांत उभी राहिली. ठेकेदाराने फरशीचं काम मिस्त्रीला दिलं. माझी त्यात काही शिफारस नव्हती, त्याची रेघ शेडमध्ये ठेकेदारानेही पाहिली होती. एकशेआठ घरांत त्याने फरशी बसवली आणि रोज संध्याकाळी आपल्या एका खोलीत परत गेला. मी एकदा न राहवून विचारलं, "जड जात नाही?"

"जातं की," तो म्हणाला. "पण दुसरी इमारत होणार आहे ना? तुम्हीच काढलाय नकाशा."

"होणार म्हणजे होणारच," मी म्हटलं.

अधूनमधून अडलीही. पायाशी पाण्याची जुनी लाइन निघाली, चार महिने गेले. निवडणुकीत अध्यक्षबाई पडल्या. नव्या अध्यक्षांनी चौकशी केली, की या बारा घरांचा निधी वळवता येईल का. मी ठराव त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी नावं वाचली, ठराव मिटला आणि पुन्हा विचारलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात किल्ल्या वाटल्या.

मिस्त्रीचं घर दुसऱ्या इमारतीत तळमजल्यावर आलं. आठवड्याने त्यांनी मला बोलावलं. मी पोचले तेव्हा सामान लागलं होतं. थोरली मुलगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती आणि कोणी आत डोकावलं की "मी वाचतेय!" असा दम देत होती. सासूबाईंनी खिडकीची जागा पटकावली होती आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची त्या परस्पर ओळख करून घेत होत्या.

सिस्टरने बैठकीच्या खोलीत खुर्ची पुढे केली. "बसा मॅडम. अकरा-बारा वर्षांत घरी कोणाला बसा म्हणायची सोयच नव्हती. पाहुणा आला की आम्हीच बाहेर जायचो."

चार वाजता तिसऱ्या इमारतीच्या निधीची बैठक होती. दोनशे घरांची मागणी मी मांडणार होते, आणि नव्या अध्यक्षांना ती पटवून द्यायचीही माझी पूर्ण तयारी होती. घड्याळात साडेतीन झाले होते. मी बसले. मिस्त्रीने चहा आणला, सासूबाईंनी समोरच्या बिऱ्हाडाची बातमी सांगितली, आणि कप रिकामा झाल्यावर सिस्टरने न विचारता तो पुन्हा भरला.