सायकलींसाठी बंद फाटक

जुन्या साइडिंगचे रूळ उचलून नेले आणि त्या जागी सहा किलोमीटरचा चालायचा-सायकलींचा ट्रॅक झाला. दोन्ही बाजूंना जाळी. पलीकडून खराडीची बस धरायची तर वस्तीला वीस मिनिटांचा वळसा पडू लागला. प्रेमलाबाईंनी आठ महिने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे ट्रॅक ओलांडायला एक फाटक मिळालं. किल्ली कुणाकडे? ट्रॅक कमिटीच्या भाग्यश्री मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांकडेच देऊ की. अनुभव आहे त्यांना."

तिथेच घोटाळा झाला. कचरूंनी याच साइडिंगवर एकतीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलं होतं.

"अहो, उघडा. बस जाईल माझी."

"सायकली येतायत."

"त्या अजून वळणावर आहेत."

"वळणावर दिसल्या की फाटक बंद. नियम आहे रेल्वेचा."

"रेल्वे गेली."

"नियम नाही गेला."

प्रेमलाबाई खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅन्टीनला पोळ्या करत. आत शिरताना यंत्रावर अंगठा लावायचा. या महिन्यात दोनदा उशीर झालेला. तिसऱ्यांदा झाला तर येऊ नका, असं सुपरवायझरनं बजावलं होतं.

सायकली गेल्या. मागून दोन पळणारे, त्यांच्यामागे कुत्रं फिरवणारे एक गृहस्थ. कचरूंनी कुत्र्यालाही हिरवी झेंडी दाखवली. रिटायर झाल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला बाईंनी पाहिला नव्हता. त्यामुळे धड चिडताही येईना.

"कुत्रंही गेलं आता."

"स्टेशनवरून फोन आल्याशिवाय उघडता येत नाही."

बाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. चार हातांवर, कचरूंच्या खिशात घंटी वाजली.

"फाटक नंबर सात," कचरू ताठ झाले.

"स्टेशनमास्तर बोलतेय. लाइन मोकळी. फाटक उघडा."

"प्रायव्हेट नंबर?"

प्रत्येक गाडीमागे मास्तरनं एक आकडा द्यायचा, फाटकवाल्यानं आपला सांगायचा. फाटकाशेजारच्या क्वार्टरमध्ये भाकरी थापता थापता बाईंनी हे वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

"अठ्ठेचाळीस."

कचरूंनी वहीत आकडा लिहिला, वेळ टाकली. "माझा बहात्तर." आणि कडी काढली.

बाई पदर खोचून धावल्या. बस मिळाली. टेकतात तोच फोन.

"मास्तर, परतीची गाडी किती वाजता?"

"सव्वापाच. आणि फाटक उघडं पाहिजे, नाहीतर बदली करीन तुमची."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"नंबर द्या," कचरू म्हणाले.