चढण्याचं स्टेशन

जावयाने "दोन मिनिटांत मोबाईलवर तिकिटं काढून देतो" म्हटलं आणि तिथेच प्रकरण बिघडलं. दोन मिनिटांत होणाऱ्या कामावर त्याच्या सासऱ्यांचा विश्वास नव्हता. ते वीज मंडळातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. ज्या कामाला खिडकी नाही ते काम झालं, असं त्यांना वाटतच नसे.

"बाबा, इथे सगळे मोबाईलवरच काढतात," मुलगी म्हणाली.

"सगळ्यांची जबाबदारी माझ्यावर नाही. तुझ्या आईची आहे."

आई, म्हणजे बाई, बॅग भरायला लागल्या होत्या. त्यांना तिकीट मोबाईलवर मिळालं काय आणि दगडावर कोरून मिळालं काय, गुरुवारी पोचण्याशी मतलब होता. त्यांची धाकटी बहीण याच परक्या देशात, रेल्वेने चार तासांवरच्या शहरात राहत होती. गुरुवारी दुपारी दोनला तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. नऊ वर्षांत दोघी भेटल्या नव्हत्या. "ताई, उगाच धावपळ करू नकोस," धाकटी फोनवर म्हणाली होती. "पण येणार असशील तर दोनच्या आधी ये. नंतरचं मी काही सांगत नाही." यातलं शेवटचं वाक्य बाईंनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मुलीला आणि जावयाला रजा नव्हती, तेव्हा दोघंच जाणार होते.

अधीक्षक स्टेशनवर गेले ते पासपोर्ट, व्हिसा, दोघांचे दोन-दोन फोटो आणि लग्नाचा दाखला असलेली फाईल घेऊन. खिडकीतल्या मुलीने यातलं काहीच मागितलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांचं मत जरा वाईट झालं. तिने पडद्यावर बघून सांगितलं की सकाळच्या गाडीला दोन जागा आहेत, पण एक तिसऱ्या डब्यात आणि एक अकराव्यात.

नवरा-बायकोने आठ डब्यांचं अंतर ठेवून प्रवास करायचा, हे अधीक्षकांना पटलं नाही. खरं तर त्यांना आनंदच झाला, कारण अशा प्रसंगावर त्यांच्याकडे हयातभर चालत आलेला उपाय होता. गाडी जिथून सुटते तिथला कोटा मोठा असतो. तिकीट तिथून काढायचं आणि फॉर्मवर चढण्याचं स्टेशन आपलं टाकायचं. ही गाडी तासभर अलीकडच्या शहरातून सुटत होती. त्यांनी तिथून विचारलं. नवव्या डब्यात दोन जागा निघाल्या, लागून, एक खिडकीची.

"म्हणजे तुम्ही तिथून बसणार?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

अधीक्षकांनी कोणत्याही बाजूने अर्थ लावता येईल अशी मान हलवली.

घरी त्यांनी तिकिटं टेबलावर अशी ठेवली की जणू स्वतः छापून आणलीत.

"पण अहो, यावर त्या दुसऱ्याच गावाचं नाव आहे," बाई म्हणाल्या. "आपण चढणार इथून ना?"

"इथूनच."

"मग त्या मुलीला तसं सांगितलंत?"

"इथल्या फॉर्मवर चढण्याच्या स्टेशनाचा रकानाच नाही. रकाना नाही म्हणजे हरकत नाही."

"विचारायचं तरी."

"विचारलं की नियम निघतो. पस्तीस वर्षं लोक मला विचारायला यायचे आणि मी नियम काढायचो. मला कोण शिकवणार?"

गुरुवारी गाडी मिनिटाला मिनिट धरून आली. नवव्या डब्यात त्यांच्या एका जागेवर टोपलीत मांजर घेतलेल्या आजीबाई होत्या आणि खिडकीच्या जागेवर एक धिप्पाड इसम झोपला होता. अधीक्षकांनी त्याला बोटाने हलवून उठवलं. त्याने डोळे न उघडता तिकीट दाखवलं. त्यावर तोच डबा होता आणि तोच आकडा. तोवर गाडी सुटली होती.

तपासनीस आला. अधीक्षकांचं इंग्रजी ऑफिसच्या पत्रांवर पोसलेलं होतं. त्यांनी सदरहू जागांच्या संदर्भात आपलं निवेदन सादर केलं. तपासनिसाने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडी सुटली तिथे तुम्ही नव्हता," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं कोणी आलं नाही तर जागा मोकळी होते. ती विकली गेली. तिकिटाच्या मागे छापलंय."

अधीक्षकांनी तिकीट उलटं केलं. छापलं होतं. बिल घेऊन भांडायला आलेल्या हजारो ग्राहकांना त्यांनी आजवर हेच वाक्य याच आवाजात सांगितलं होतं. टेबलाच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं, हे त्यांना आज कळलं.

"आम्ही ॲडजस्ट करू," ते म्हणाले. "थोडं सरकून चौघं बसू."

तपासनिसाने आजीबाईंकडे, मांजराकडे आणि दोन जागांमधल्या लोखंडी हातांकडे पाहिलं. या गाडीत उभं राहून जाता येत नसे. दहा मिनिटांनी पुढचं स्टेशन होतं, तिथे दोघांना उतरावं लागेल, असं त्याने सांगितलं. मग बाईंकडे बघून तो थोडा घुटमळला. दाराजवळ कर्मचाऱ्यांची एक घडीची खुर्ची आहे, म्हणाला. त्यांच्या वयाकडे बघून तो ती देऊ शकत होता, पण ती एकच होती.

अधीक्षकांनी हे बायकोला मराठीत समजावलं आणि लगेच निर्णयही दिला. "दोघंही उतरू. पुढची गाडी साडेचारला पोचते."

"साडेचारला ती टेबलावर असेल."

"असेल तर असेल. आपण काय ऑपरेशन करणार आहोत? तू एकटी कुठे जाणार? भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही."

"स्टेशनवर तिचा नवरा येतोय. तुम्ही उतरा."

अडतीस वर्षांत बाईंनी त्यांना चहा घ्या, गोळी घ्या, छत्री घ्या असं पुष्कळ सांगितलं होतं. उतरा असं कधी सांगितलं नव्हतं.

"अगं, पण..."

"माझा पासपोर्ट द्या. आणि फोन."

"फोन एकच आहे!"

"म्हणून तर मागतेय. तुम्हाला खिडकी सापडेल कुठेतरी."

गाडी थांबली. अधीक्षक फाईल छातीशी धरून उतरले. दार बंद होताना ते काहीतरी सूचना देत होते, पण काच जाड होती.

घडीची खुर्ची दाराला इतकी लागून होती की प्रत्येक स्टेशनावर बाईंना उठावं लागे. त्या उठायच्या, लोकांना वाट द्यायच्या आणि दार लागलं की पुन्हा खुर्ची उघडून बसायच्या. दुसऱ्या स्टेशनानंतर त्यांना ते इतकं जमलं की तपासनिसाने मान डोलावली. मोबाईलवर मुलीचे सात फोन आले. बाईंनी पहिला घेतला. "बाबा मागून येतायत, मी पुढे आहे," एवढं सांगून ठेवला.

एक वाजून वीस मिनिटांनी त्या हॉस्पिटलच्या खोलीत शिरल्या. धाकटी उशीला टेकून बसली होती, केस टोपीत, छातीला वायरी. तिने बहिणीच्या मागे दाराकडे पाहिलं.

"भाऊजी कुठायत?"

"मधल्या स्टेशनावर उतरवलं त्यांना."

"कोणी?"

बाईंनी जरा विचार केला. "मी."

धाकटीला हसू आवरेना. बाजूचं यंत्र वाजायला लागलं, नर्स धावत आली आणि दोघींवर सारखीच रागावली. ती गेल्यावर धाकटीने बहिणीचा हात धरला. हात गार होता. कोणाचा, ते सांगता आलं नसतं.

दोनला पाच कमी असताना खाट ढकलायला माणसं आली. बाई बाजूने दारापर्यंत चालत गेल्या.

"ताई, शुद्धीवर आले की हे सगळं पहिल्यापासून सांग," धाकटी म्हणाली. "आत्ता अर्धंच कळलंय."

"सांगते," बाई म्हणाल्या आणि दार लागलं.