डावी फळी

वायरमन कल्याणने चोर-अलार्मच्या पॅनलचं झाकण उघडलं आणि सगळ्यात आधी सायरनची वायर सोडवली. शेजारच्या झोळीत संस्कृती नुकतीच झोपली होती.

"आता कितीही दारं उघडली तरी बोंबलणार नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "काम झालं की परत जोडतो, वहिनी."

पंकजाने मान हलवली. एका हाताने ती लेकीला झोका देत होती, लक्ष मात्र स्वयंपाकघरात होतं. तिथे मागच्या दाराशी तिच्या सासूबाई, चांगुणाबाई, घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दार बंद होतं.

घर बांधलं तेव्हाच तिच्या नवऱ्याने, अमृतने, चोरांच्या भीतीने हे पॅनल बसवून घेतलं होतं. पुढच्या दाराच्या, खिडक्यांच्या वायरी भिंतीतून आलेल्या. मागच्या दाराचीही होती, पण ती उंदरांनी मधेच कुठेतरी कुरतडली. आणि मागचं दार तरी काय, जुन्या घराचं काढून बसवलेलं, दोन फळ्यांचं. तिकडून चोर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिकडून कुणी जाईल, असंही नाही.

गेल्या आठवड्यात चांगुणाबाई त्या दाराने बाहेर पडल्या आणि पाटाच्या कडेला जाऊन बसल्या. म्हैस पलीकडं गेली, म्हणाल्या. म्हैस विकली तेव्हा पंकजाचं लग्नही झालं नव्हतं. पाट कोरडा होता म्हणून निभावलं. उद्या धरणातून पाण्याचं आवर्तन सुटणार होतं, पाट काठोकाठ वाहणार होता. सकाळी दुधाचा टँकर घेऊन निघताना अमृत उंबऱ्यात थांबला होता.

"आज त्या दाराचं काम झालं तर ठीक. न्हाईतर येताना कुलूप आणतो."

"आत्यांना कोंडायचं?"

तो पायात घातलेली चप्पलच पुन्हा घालत राहिला.

"भिंत फोडून नवी वायर टाकू, पण उंदीर आहेतच," कल्याण सांगत होता. त्याने तळहातावर दोन पांढरे तुकडे धरले. "हा बिनवायरचा सेन्सर, हे त्याचं लोहचुंबक. दोघं जवळ असली म्हणजे दार बंद. लांब झाली की हा पॅनलशेजारच्या त्या डबीला, रिसीव्हरला सांगतो, आणि रिसीव्हरच्या दोन वायरी पॅनलमध्ये. तुमचं पॅनल जुन्या वळणाचं. त्याला बिनवायरचं काही कळत नाही. त्याला वाटणार, उंदरांनी खाल्लेलीच वायर परत आली."

पंकजाला हसू आलं. मग ती म्हणाली, "या दाराला सायरन नको. नुसती बेल. आणि आम्ही घरात असलो तरी वाजली पाहिजे, दिवसासुद्धा."

"होईल. पण नुसत्या बेलला चोर..."

"चोरासाठी नाही. पोरगी चालायला लागलीय ना. मागं पाट आहे." हे तिने जरा मोठ्याने म्हटलं.

स्वयंपाकघरात शेंगा सोलण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

कल्याण स्टूलवर चढून चौकटीच्या वरच्या लाकडावर सेन्सर बसवू लागला. चांगुणाबाईंनी मान वर केली.

"दाराला ताईत बांधतो का रं?"

"व्हय आजी. दृष्ट लागू नये म्हणून."

"मला लावून लावून थकली दृष्ट, आता दाराला लागंल व्हय! कुठला तू?"

"नेवाशाचा."

"आन् एवढ्या वर कशाला बांधतो? खाली बांध."

"खाली बांधलं तर बारकी उपटून तोंडात घालंल." बोलता बोलता त्याचं लक्ष उजव्या फळीच्या कडीकडे गेलं. "पण वहिनी, ही कडी तर केवढी उंच आहे. बारकीचा हात इथवर..."

पंकजा दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या म्हातारीकडे.

"...चढंल म्हणा," तो म्हणाला. "हल्लीची पोरं स्टूल ओढून चढतात."

लोहचुंबक त्याने उजव्या फळीला लावलं. मग पॅनलपाशी जाऊन रिसीव्हरचं बटण दाबलं. "आता ह्याला सेन्सरची ओळख शिकवायची. उघडा दार."

पंकजाने कडी काढून फळी ढकलली. रिसीव्हरवर लाल ठिपका लुकलुकला आणि पॅनलमधून बेल वाजली, हलकी, टिंगटाँग.

"शिकला. आता लाईट जाऊ दे, काही होऊ दे, विसरायचा नाही." म्हटलं आणि त्याने ओठ मिटले.

"ब्येस झालं," चांगुणाबाई म्हणाल्या. "घरात एकानं तरी ध्यानात ठिवाय पायजे."

पंकजाने कडी लावली आणि चहा टाकला. कल्याणने सायरनची वायर परत जोडली आणि तो पिशवी आवरू लागला. चांगुणाबाईंनी मांडीवरची टरफलं सुपात झटकली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दाराकडे गेल्या. उजव्या फळीला त्यांनी हातही लावला नाही. डावी फळी कायमची बंदच, असं पंकजा लग्नापासून धरून चालली होती. चांगुणाबाईंनी खालच्या सैल कडीत पायाचा अंगठा घातला, कडी उचलली, खांद्याने फळी ढकलली आणि त्या बाहेर गेल्या.

बेल वाजली नाही.

पंकजाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चांगुणाबाई पायरीवर पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"वाजलं का?"

पिशवी तशीच हातात घेऊन कल्याण दाराशी आला.

"न्हाई वाजलं." त्या वळल्या. "मी ह्या फळीनं जाते. डोक्यावर शेनाची पाटी, हातात बादली, वरच्या कडीला हात कुठनं लावायचा? पायानंच काढायची. ह्या दाराची मला अजून तीच सवय हाय."

"आत्या..."

"पोरीचं नाव कशापायी घेती?" आवाजात राग नव्हता. "ध्यानात हाय तवर सांगून ठिवते. मग माझ्यापाशी राह्याचं न्हाई."

कल्याणने पिशवीतून पुन्हा पेचकस काढला. चांगुणाबाई आत आल्यावर त्याने दोन्ही तुकडे उतरवले आणि दार लावून घेतलं. मग सेन्सर एका फळीच्या कडेला आणि लोहचुंबक दुसरीच्या, असे शेजारी शेजारी बसवले.

"आता कुठलीबी फळी हलू दे, ही दोघं लांब जाणारच," तो म्हणाला. "आजी, जाऊन दाखवा एकदा, तुमच्या वाटेनं."

अंगठा, कडी, खांदा. जाता जाता चांगुणाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला, लांब जायचं असल्यासारखा. पायरी उतरल्या. नजर रिकाम्या गव्हाणीवरून पुढे, पाटाच्या वाटेला लागली होती. पंकजाचं पाऊल नकळत उंबऱ्याकडे सरकलं.

रिसीव्हरला क्षणभर उशीर झाला, मग आत बेल वाजली.

चांगुणाबाई थबकल्या.

"ओ!" घरातून कुणी हाक मारावी आणि कामातल्या बाईने उत्तर द्यावं, तशी त्यांनी ओ दिली. वळून दाराकडे पाहिलं. थोडा वेळ त्यांना कुणाची ओळख पटत नव्हती. मग विचारलं, "बलावलंस व्हय गं?"

कल्याण खाली बघून वायरीचा तुकडा गुंडाळत राहिला.

"हो, आत्या," पंकजा म्हणाली. "मीच हाक मारली."