वामनरावांच्या मोटारीची फळी

साखरखेर्ड्याच्या वामनरावांची दृष्टी काचबिंदूनं गेली, त्याला चार वर्षं झाली होती. लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि खेड्यापर्यंत पोचायचंच नाही. त्यांची वीस वर्षांची मोटार गोठ्याशेजारी पत्र्याखाली विटांवर उभी होती. रोज दुपारी चहा झाला की वामनराव भिंत धरत तिथं जात, स्टेअरिंग धरून बसत आणि समोरच्या लाकडी डॅशबोर्डवरून तासभर हात फिरवत.

ते लाकूड उन्हानं तडकलं होतं. एकदा त्याची बारीक ढलपी बोटात घुसली आणि बोट पिकलं. तेव्हा त्यांच्या पत्नीनं, सत्यभामाबाईंनी, देऊळगाव राजाहून कादर मिस्तरीला बोलावलं. दमण्या, म्हणजे माणसं बसायच्या हलक्या बैलगाड्या, बनवण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता.

"हे फळी नवी करा," बाई म्हणाल्या. "पण त्याह्यले आताच सांगू नोका. त्याह्यच्या हातालेच कळू द्या."

वामनराव आठ दिवस मेहकरला बहिणीकडं गेले आणि कादरनं फळी खोलली. मागून वाळवीनं पोखरलेली ती फळी हातातच तुटली. त्यानं जुन्या सागवानाची नवी कापली, वेग, तेल दाखवणाऱ्या तिन्ही तबकड्यांची भोकं पाडली, लाखेचं पॉलिश चढवलं. काम एवढं देखणं झालं, की त्याला बाकीची गाडी बघवेना. कोणी न सांगता त्यानं स्टेअरिंगच्या लाकडी कड्यावरचे खड्डे बुजवून ते घासलं, फाटक्या गादीला नवं कापड लावलं. जुन्या फळीचे तुकडे लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं तापवायला चुलीत गेले.

वामनराव परतले, त्या दिवशी कादर मुद्दाम थांबला. वामनराव गाडीत बसले. हात फळीवर गेला आणि थांबला. मग घाईघाईनं स्टेअरिंगवर, गादीवर, पुन्हा फळीवर.

"कोनाची गाडी व्हय हे?"

बाई हसल्या. "तुमचीच. फळी नवी बसवली."

"माही गाडी इकली तुमी."

"नाई हो मालक," कादर म्हणाला, "म्या सोताच्या हातानं केलं."

"मंग जुनी फळी आन. हात लावू दे मले."

"जाळली, मालक."

"असं. मंग इंजन चालू कर."

टाकीत थेंब नव्हता. वामनराव खाली उतरले. बाईंनी धरलेला हात त्यांनी सोडवून घेतला आणि एकटेच भिंत चाचपत घरात गेले.

कादरला चैन पडेना. तो कधी बैलगाडीनं, कधी पायी मलकापूरला गेला, कापसाच्या ट्रकवाल्याच्या हातापाया पडून बाटलीभर पेट्रोल घेऊन पाचव्या दिवशी परतला. वामनरावांना अंगणात खुर्चीवर बसवलं. कादरनं हँडल मारलं. पुन्हा मारलं. दोन वर्षं बंद पडलेलं इंजन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि गप झालं. खांदा उतरेपर्यंत तो हँडल फिरवत राहिला. शेवटी बोनेटवर डोकं टेकून उभा राहिला.

"माही गाडी एका हँडलात उठे," वामनराव शांतपणे म्हणाले.

त्यानंतर ते पत्र्याखाली गेले नाहीत. त्यांना कशाचीच खात्री वाटेना. ताटात काय वाढलं ते बाईंनी सांगितलं, की ते दोनदा हुंगायचे. मळ्यातली विहीर आपलीच आहे का, हे गड्यांना वेगवेगळं गाठून विचारायचे. बोटातली अंगठी काढून दातानं चावून बघायचे.

महिन्याभरानं कादर पुन्हा आला. नवी फळी काढतो, दुसरी खडबडीत करून बसवतो, असं सांगायला. सत्यभामाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी मान हलवली.

"ते आता गाडीचं राह्यलंच नाई, मिस्तरी," त्या म्हणाल्या. "काल त्याह्यनं माह्या तोंडावरून हात फिरवला. लय वेळ फिरवला. मंग इचारलं, बाई, तुमी कोन?"

आतून वामनरावांनी विचारलं, "कोन आलं?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. कादरनंही नाही. आपण नाव सांगितलं तरी त्या माणसाला ते खरं वाटणार नाही, हे त्याला कळत होतं. तो हत्यारांची पेटी उचलून देऊळगावच्या वाटेला लागला.