राजदीपच्या मडक्यातलं पाणी

वच्छलाबाईंना आर्णीच्या आमच्या दवाखान्यात आणलं ते मालवाहू ऑटोतून, कापसाच्या गाठोड्यावर निजवून. तोंडाला फेस, अंग घामानं चिंब, नाडी मंद, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फवारणीचं औषध पोटात गेलंय, हे विचारावं लागलं नाही. त्या वर्षांत अशा बाहुल्या आम्ही फार पाहिल्या होत्या. मी त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, सुरू केलं.

सोबत दोघे होते. त्यांचा मुलगा गोविंदा, आणि शेजारच्या शेताचा राजदीप. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर, बांधावर पडलेल्या म्हातारीला राजदीपनंच उचललं होतं.

"काय पोटात गेलं?" मी विचारलं.

"माह्या मडक्यातलं पानी पेली काकू," राजदीप म्हणाला. "मी आज मडक्याजवळ गेलोच नाही. मोटर बिघडली, तिकडंच अडकलो."

"माय त्याच्या मडक्यातलं पेनारच नाही," गोविंदा घाईनं म्हणाला. "आमच्या घरचं कोनीच पेत नाही."

"रोज पेते. तुमच्या ड्रमातलं गरम लागते म्हने. तुले सांगू नको म्हने."

राजदीप बौद्ध. त्याच्या मडक्याला आपल्या घरचं कोणी हात लावणार नाही, याची गोविंदाला खात्री होती. त्या खात्रीवरच सगळं बेतलेलं होतं. उन्हाळ्यापासून दोघांचं धुऱ्यावरून भांडण चाललेलं.

गोविंदा भिंतीला टेकून खाली बसला. मग त्यानं औषधाचं नाव सांगितलं. किती टाकलं, तेही.

राजदीप त्याच्याकडे बघत राहिला. "माह्यासाठी?"

"हो."

पोलिसांना कळवणं भाग होतं. जमादार देवराव आले, तेव्हा गोविंदानं त्यांनाही तेच सांगितलं. मग म्हणाला, "पण मायले मारायचं माह्या मनात नव्हतं, साहेब. हे चुकून झालं."

"औषध मडक्यात चुकून पडलं?"

"नाही."

"मंग? जिवावरच उठलता न कोनाच्या? पेनारा बदलला, तुह्या मनातलं तेच राह्यलं. म्हातारी गेली तं खुनाचंच कलम लागते. तुही माय असली म्हनून सूट नाही."

"अन् वाचली तं?"

"तं खुनाचा प्रयत्न. आता चूप बस. डॉक्टरबाईले काम करू दे."

त्यांनी गोविंदाला व्हरांड्यातच बसवून ठेवलं. राजदीप आत, खाटेपाशी. छातीतली घरघर कमी होते का, एवढंच मी रात्रभर पुन्हा पुन्हा ऐकत होते.

सकाळी छाती स्वच्छ झाली. नाडी भरली. वच्छलाबाईंनी डोळे उघडून आधी राजदीपला ओळखलं.

"तू तं नाही पेलास?" आवाज कोरडा, जीभ टाळूला चिकटत होती.

"नाही, काकू."

"वास येत होता पान्याले. म्हटलं साऱ्या शिवारालेच येते, त्यात काय." त्यांनी दाराकडे पाहिलं. "गोविंदानं टाकलं का?"

राजदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

"कबूल झाला?"

"स्वतःच झाला," मी म्हणाले.

"मंग ठीक." त्यांनी डोळे मिटले आणि त्या शांत, एका लयीत श्वास घेऊ लागल्या. मी शेजारच्या स्टुलावर बसले. पाय दुखत होते, हे तेव्हा कळलं.

राजदीप माझ्याआधी व्हरांड्यात गेला. "वाचली तुही माय," तो म्हणाला.

गोविंदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत राहिले. "राजदीप, माह्या हातून..."

"ते कोर्टात सांग. काकू वाचली म्हनून मी तुले माफ केलं, असं समजू नको."

"नाही समजत." त्यानं बाहीनं चेहरा पुसला. "साहेब, आता कितीही वर्षं टाका आत."

"वर्षं मी नाही टाकत," देवराव म्हणाले. "ते जज पाहील." त्यांनी समोरच्या टपरीवाल्याला खूण केली. "चार चहा. मॅडमचा पहिले दे."